आधी त्या आजोबांच्या भिंतीवरची खूण बघून या

टीचर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे डिचोली तालुक्यातल्या एका गावात चवथीच्या दिवसांत देवळाच्या मंडपात तुम्ही हवामान बदलावर स्लाइड शो केला, चाळीसेक माणसं आली, पंधरा मिनिटांत अर्धी उठून गेली, एक आजोबा म्हणाले "पाऊस काय पूर्वी पडत नव्हता?", आणि कॉलेजमधला एक मुलगा म्हणाला की हे सगळं श्रीमंत देशांनी करून ठेवलंय, आमच्या गावाने काय करायचं. आता तुम्ही विचारताय की लोकांना यात रसच नाही का, की आपल्याला समजावता येत नाही.

मी गोव्यात हे काम तेवीस वर्षं करतेय, शाळा, देवळं, बचतगट, रांपणकारांचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचे, वाडे, सगळीकडे. मला वाटतं त्या दिवशी मंडपात रस असलेली दोन माणसं तर नक्की होती, ज्यांनी तोंड उघडलं ती. उठून गेलेल्यांचं मी सांगू शकत नाही पण ते आजोबा आणि तो मुलगा हे तुमचे पहिले दोन कार्यकर्ते आहेत असं धरून चाला, कसं ते सांगते.

माझं सुरुवातीचं एक सांगते आधी. दिवाडीच्या बाजूला एका गावात मी समुद्राची पातळी ह्या विषयावर बोलले, आलेख, नकाशे, शंभर वर्षांनंतर काय होईल ते सगळं. शेवटी एक बाई उठली, साठीची असेल, हातात पिशवी, आणि म्हणाली, "मगे, ह्या वर्षी मी खाजनात भात लावू की नको?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने काही टोमणा मारला नव्हता, तिला खरंच कळून घ्यायचं होतं, मागच्या वर्षी बांध फुटून तिच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात, खारं पाणी शिरलं होतं. मी तासभर बोलले आणि तिच्या एका प्रश्नाच्या जवळपासही पोचले नाही. दुसऱ्या आठवड्यात मी परत गेले, एकटी, स्लाइड नाही काही नाही, आणि तिला म्हटलं तुमची मानस, बांधातली ती पाणी सोडायची दारं, दाखवा मला. तिथून पुढे माझी कामाची पद्धतच बदलली.

पण त्याआधी शब्दांचं बोलू, कारण निम्मी गाडी तिथेच अडकते. मराठीत आपण "हवामान" हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो, रोज टीव्हीवर सांगतात तेही हवामान आणि तीस वर्षांची सरासरी काढतात तेही हवामान. मग "हवामान बदल" म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं हवामान तर रोजच बदलतं, त्यात काय. आजोबांचा प्रश्न तिथूनच आलाय आणि त्यांच्या बाजूने तो अगदी बरोबर आहे. "हरितगृह वायू" तर त्याहून वाईट, हरित म्हणजे चांगलं, गृह म्हणजे घर, ऐकणाऱ्याला वाटतं झाडांशी संबंधित काहीतरी छान आहे. "उत्सर्जन" मुलांनी विज्ञानाच्या पुस्तकात मूत्रपिंडाच्या धड्यात वाचलेलं असतं. हे शब्द परीक्षेसाठी ठेवा, मंडपात नको. गावात लोक स्वतः काय म्हणतात ते ऐका, "ऋतुमान बिघडलं", "पावसाचा भरवसा राहिला नाही", "थंडी पडत नाही म्हणून मोहोर धरत नाही". मी "ऋतुमान" हाच शब्द घेते, तो एका दिवसाचा नसतो हे सगळ्यांना न सांगता कळतं. आणि बोलायचं कोकणीत, फलकावर लिहायचं मराठीत, आपल्याकडे तेच सहज होतं.

एका दिवसाचं आणि अनेक वर्षांचं यातला फरक सांगायला मी मासळी बाजार वापरते. आज बांगडे स्वस्त मिळाले म्हणून महागाई कमी झाली असं कोणी म्हणत नाही ना, वीस वर्षांत वाटा कितीचा कितीला गेला ते बघतो. तसंच, ह्या डिसेंबरात चार रात्री गारठा पडला म्हणून तापमान वाढत नाही असं होत नाही. एवढंच सांगायचं, दोन मिनिटं, पुढे जायचं.

कार्बन डायऑक्साइड कसा तापवतो हे सांगायला वाकळ पुरते. वाकळ स्वतः गरम नसते, आपल्याच अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. पृथ्वी उन्हाने तापते, ती उष्णता वर सोडते, आणि हवेतला हा वायू त्यातली थोडी अडवून ठेवतो. कारखाने यायच्या आधी ह्या वायूचं प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत साधारण २८० होतं, आता ४२० च्या वर गेलंय, म्हणजे वाकळ दीडपट जाड झाली. आणि हे कोणी काल-परवा शोधलेलं नाही, हा वायू उष्णता अडवतो हे जॉन टिंडल यांनी लंडनला १८५९ मध्ये प्रयोग करून मोजलं होतं, आणि १९५८ पासून हवाईच्या मौना लोआ डोंगरावर सतत मोजणी चालू आहे, सुरुवातीला ३१५ होतं. एवढे आकडे खूप झाले. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त आकडे सांगू नका असं मी माझ्याबरोबरच्या मुलांना सांगते, चौथा आकडा आला की पहिला जातो.

आता मानशीवर येऊ, कारण खरं विज्ञान तिथे उभं आहे. समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात जगभरात सुमारे २० सेंटिमीटर वाढली. हे मी एकदा सांगितलं तर लोक म्हणाले एवढंच? २० सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक वीत. मग मी त्यांनाच बांधावर नेलं आणि म्हटलं पुनवेच्या भरतीला पाणी कुठवर येतं ते दाखवा, आणि बांधाचा माथा तिथून किती वीत वर आहे ते मोजा. कुठे तीन वीत, कुठे दोन, एका ठिकाणी खेकड्यांनी पोखरलेल्या जागी एक वीतसुद्धा नाही. तिथे कोणाला काही समजवावं लागलं नाही. एक म्हातारा आपणच म्हणाला, "म्हणजे दर्या पाटावर उभा राहिलाय." यापेक्षा चांगलं वाक्य मला आजवर कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही. दर्या मोठा झालेला नाही, तीच भरती, तोच वारा, तेच उधाण, पण उभा आहे तो बसायच्या लाकडी पाटावर, म्हणून हात फळीपर्यंत पोचतो.

आणि दुसरी बाजू, जी लोकांना आपल्यापेक्षा जास्त कळते. मानशीची दारं भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप बंद होतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. आतलं पावसाचं पाणी बाहेर जायला जो वेळ मिळतो तो फक्त बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली असते तेवढाच. बाहेरची पातळी वर सरकली की हा वेळ रोज थोडा कमी होतो. त्याच वेळी पाऊस एकदम जोरात कोसळायला लागला, आणि गरम हवा दर एक अंशाला साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते म्हणून तो कोसळणार, तर पाणी आत जास्त आणि बाहेर जायला वेळ कमी. ही गोष्ट मी मंडपात कधीच सांगत नाही, मानशीवर उभं राहून सांगते, खरं म्हणजे ती माणसंच मला सांगतात आणि मी फक्त मधे मधे विचारते.

तुमच्याकडे नारव्याच्या, मयेच्या बाजूला खाजन आहे, तिथे न्या मुलांना. गाव आतल्या बाजूला असेल तर नदी आहेच, साखळीची वाळवंटी कोणाला माहीत नाही.

आता आजोबा. "पाऊस काय पूर्वी पडत नव्हता?" ह्याला तुम्ही काय उत्तर दिलं ते लिहिलं नाहीत. मी म्हटलं असतं, "पडत होता, सांगा ना कसा पडायचा." आणि गप्प बसले असते. त्या वयाच्या माणसाकडे नक्षत्रवार पाऊस पाठ असतो, मृगाला पेरणी, आर्द्रा कसा, पुनर्वसू कसा, कुठल्या साली पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं. ही सगळी माहिती आहे, कोणी लिहून घेतलेली नाही एवढंच. काही घरांत तर लिहिलेलीही असते, भाटकारांच्या, म्हणजे बागायतीच्या मालकांच्या, जुन्या वह्यांत नारळाच्या पाडणीचा हिशोब असतो, काजूच्या पावणीच्या, म्हणजे लिलावाच्या, तारखा असतात, मानकुराद आंबा पहिला कधी उतरवला ते असतं. मी एका घरात अशी वही बघितली, माणसाने तारखा नुसत्या हिशोबासाठी लिहिल्या होत्या, पण चाळीस वर्षांचा मोहोर त्यात होता.

आणि आजोबा काही वेळा तुम्हाला दुरुस्त करतील, ते करू द्या, त्यांचं खरं असेल तर सगळ्यांसमोर खरं म्हणा. खाजनांचंच घ्या. बांध फुटतात ते सगळे समुद्र वाढला म्हणून नाही. डागडुजी होत नाही, शेती पडीक टाकली, मासळीसाठी मानशीची दारं नको तेव्हा उघडी ठेवली, बार्ज बोटींच्या लाटांनी कडा खाल्ल्या, ही सगळी कारणं गावाला माहीत आहेत, काहींची नावंही माहीत आहेत. तुम्ही जाऊन सांगितलं की हे ऋतुमानामुळे झालं तर गाव मनात म्हणतं की हिला काही माहीत नाही, आणि ते बरोबर असतं. मी असं सांगते की बांध कमजोर आपण केला, त्यावर दर्या वर आला, दोन्ही एकदम. तसंच तारली मासळीचं. केरळात २०१२ मध्ये तारली जवळजवळ ४ लाख टन मिळाली होती, २०२१ मध्ये ३,३०० टनांच्या आसपास, पण ते सगळं समुद्राच्या तापण्यावर टाकलं तर रांपणकार उठून जाईल, कारण लहान पिल्लांसकट ओरबाडून कोणी नेलं ते त्याने डोळ्यांनी बघितलंय. शास्त्रज्ञही दोन्ही कारणं सांगतात, जास्त मासेमारी आणि एल निनोसारखे समुद्रातले बदल. अर्धं कारण दाबून आपला मुद्दा मोठा करायचा नाही, कधीच नाही. एकदा विश्वास गेला की तुम्ही बरोबर सांगितलेलंही वाया जातं.

हेच मार्च २०२३ चं. तुम्हाला आठवत असेल, ९ आणि १० मार्चला उन्हामुळे शाळा दुपारच्या आत सोडल्या होत्या, आणि त्याच आठवड्यात म्हादई अभयारण्यात आगी लागत होत्या. लोक विचारतात आग हवामानामुळे लागली का? दोन प्रश्न वेगळे करून द्या, काडी कोणी लावली हा एक, आणि लावल्यावर ती एवढी का पसरली हा दुसरा. पहिला तपासाचा प्रश्न. दुसऱ्यात मार्चमधलं ते ऊन येतं आणि सुकलेला पालापाचोळा येतो. मुलांना हा फरक एकदा कळला की पूर, वादळ, सगळीकडे ती तो स्वतः लावतात.

तौक्ते वादळ घ्या. १६ मे २०२१ ला तुम्ही कुठे होता, हा प्रश्न विचारा आणि बघा, प्रत्येकाकडे गोष्ट आहे, झाड पडलं, वीज किती दिवस नव्हती, कोणाचं छप्पर गेलं. दहा मिनिटं ऐका. मग सांगा की वादळाला साधारण साडेसव्वीस अंशांच्या वरचं पाणी लागतं, ते त्याचं जळण. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसलंय की अरबी समुद्राचा पृष्ठभाग चार दशकांपूर्वीपेक्षा १.२ ते १.४ अंशांनी तापला आणि २००१ ते २०१९ मध्ये इथल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. तौक्ते माणसाने आणलं असं म्हणायचं नाही. वादळं आधीही यायची, आता चुलीत लाकूड जास्त आहे.

लोकांना विश्वासच नाही असं जे आपल्याला वाटतं ना, त्यावर एक गोष्ट बघा. येल विद्यापीठाने सीव्होटर या सर्वेक्षण संस्थेबरोबर २०२१-२२ मध्ये भारतात ४,६०० पेक्षा जास्त माणसांना विचारलं. ५४ टक्के म्हणाले की जागतिक तापमानवाढीबद्दल आम्हाला अगदी थोडं माहीत आहे किंवा कधी ऐकलंच नाही. पण दोन-चार ओळींत ते काय आहे हे सांगून परत विचारलं तर ८४ टक्के म्हणाले, हो, हे होतंय. म्हणजे भांडायला कोणी उभं नाहीये, त्यांना कोणी त्यांच्या भाषेत सांगितलेलं नाही एवढंच. तुम्ही मनातून तो विरोधक काढून टाका, बोलण्याचा सूरच बदलेल.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. माप लोकांच्या हातात द्या. मी तेवीस वर्षांत जे काही शिकले ते हेच, की माणूस दुसऱ्याच्या आकड्यावर वाद घालतो पण स्वतः सकाळी उठून मोजलेल्या आकड्यावर घालत नाही.

पर्जन्यमापक शाळेत करता येतो. सरळ उभ्या भिंतीची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा फनेलसारखा बसवा, तळ वाकडा असतो म्हणून खाली खडे टाकून एका रेषेपर्यंत पाणी भरा, ती रेषा शून्य, तिथून वर पट्टी चिकटवा. झाडाखाली नको, पागोळ्यांजवळ नको, मोकळ्यात, आणि वाऱ्याने पडणार नाही असं. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, हवामान खातंही त्याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजतं, मग तुलना करता येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मुलांना सांगितलं की ती लगेच शाळेच्या छपराचा हिशोब करतात, १०० चौरस मीटर छप्पर आणि १०० मिलिमीटर पाऊस, दहा हजार लिटर, एक टँकरच झाला. चोवीस तासांत ६४.५ च्या वर गेला की खातं त्याला जोरदार म्हणतं, ११५.६ च्या वर अति जोरदार, २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार, हे भिंतीवर लिहून ठेवा, मग ऑरेंज अलर्ट आणि रेड अलर्ट म्हणजे नुसता रंग राहत नाही.

एक नको, तीन करा, तीन वाड्यांवर. एकाच गावात एका दिवशी तिन्हींचे आकडे वेगळे येतील, कधी कधी बरेच वेगळे. तेव्हा लोकांना कळतं की अंदाज दिला आणि आमच्याकडे पडला नाही म्हणजे खातं खोटं बोललं असं नसतं. मी एका गावात आलेख शिकवायला करवंट्या वापरल्या, दर महिन्याला जेवढा पाऊस तेवढ्या करवंट्या एकावर एक, जूनची थप्पी, जुलैची थप्पी, शाळेच्या व्हरांड्यात. जुलैची कोसळली तेव्हा सगळं गाव बघायला आलं. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या राज्यात आपण पावसाचा आलेख कागदावर दाखवतो आणि लोक झोपतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पण इथे प्रामाणिक राहा. तीन वर्षांच्या मोजणीतून ऋतुमान बदललं हे दिसत नाही, त्याला तीस वर्षं लागतात. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा. मोजून त्यांना पुरावा मिळणार नाही, पण मोठ्या संस्थेचा साठ वर्षांचा आलेख समोर आला की तो वाचता येईल, कारण त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे कोणीतरी सकाळी साडेआठला उठून गेलं होतं हे त्यांना माहीत असेल.

त्या कॉलेजच्या मुलाशी वाद घालू नका. त्याचं म्हणणं खरं आहे, अमेरिकेत माणशी वर्षाला १४-१५ टन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि भारतात साधारण २ टन. हा अन्याय आहे आणि तो तसा म्हणा. प्लॅस्टिकची पिशवी टाळा, दिवा बंद करा असं त्याला सांगितलंत तर तो तुमच्याकडे परत येणार नाही. त्याला काम द्या. मानशीची दारं कधी बदलली, बांधाचा माथा कुठे खचलाय, पुरात कोणत्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत, उन्हाळ्यात काजूच्या बागेत काम किती वाजता सुरू होतं आणि किती वाजता थांबवायला हवं, ही यादी कॉलेजचा मुलगा मोबाइलवर आठवड्यात करतो. अशी एक यादी पंचायतीपुढे ठेवून बांधासाठी ठराव झालेला मी बघितलाय.

व्हॉट्सअ‍ॅपवर "२०५० ला गोवा बुडणार" असा लाल नकाशा फिरतो, तो तुमच्याकडे कोणी ना कोणी आणणारच. तो खोटा म्हणून उडवू नका, नीट उघडून दाखवा. असे नकाशे जमिनीची उंची आणि भरतीची पातळी एवढंच बघतात, बांध बघत नाहीत. आपलं खाजन आजही भरतीच्या पातळीच्या खाली आहे आणि शेकडो वर्षं तिथे कोरगुट भात पिकतोय, तो बांध आणि मानस आहे म्हणून. लाल रंगाचा बराच भाग हा खाजनाचाच असतो. हे कळल्यावर लोकांचा चेहरा बदलतो, घाबरलेला माणूस एकदम विचारायला लागतो की मग बांध कोण बघतो. मला हवा असतो तो हाच प्रश्न.

आणि शास्त्रज्ञ आणायचाच असेल तर आणा, पण त्याला सांगा दहा मिनिटं बोल आणि तासभर ऐक. आपल्याकडे दोनापावलला एनआयओ ही समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला एनसीपीओआर ही ध्रुवीय संशोधन संस्था आहे, मुलांना तिथे नेता येईल का ते पत्र लिहून विचारा. ६ डिसेंबर १९८१ ला भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्यातूनच निघाली, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली, हे सांगितलं की मुलं ताठ बसतात. मग बर्फातल्या हवेच्या बुडबुड्यांची गोष्ट सांगा, त्यांतून आठ लाख वर्षांची हवा मोजता आली आणि त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत ३०० च्या वर कधी गेला नव्हता, आता ४२० पार.

तर आता काय करायचं. मंडपातला कार्यक्रम सध्या नको. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्या आजोबांच्या घरी जा, दोन मुलं बरोबर घ्या, एक वही आणि मोजपट्टी. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी कुठवर आलं ते विचारा, आणि त्याआधीच्या मोठ्या पुराचं कुठवर होतं तेही. बहुतेक जुन्या घरांत भिंतीवर किंवा खांबावर खूण असते, नसली तरी ते बोटाने दाखवतील. जमिनीपासून मोजा, साल लिहा, कोणी सांगितलं ते लिहा, फोटो काढा. नंतर शेजारच्या चार घरांत तेच विचारा, आकडे जुळतात का बघा, जुळले नाहीत तर पुसू नका, दोन्ही लिहा. मृग लागायच्या आधी तीन बाटल्या लावून होतील. पहिल्या पावसानंतर सकाळी साडेआठला आजोबांच्या अंगणातली बाटली आजोबांनाच वाचू द्या.